चेहरा शकांचा, शिक्का सातवाहनांचा

वाचकांचे प्रश्न : जुनी नाणी

मागच्या अंकात नहपान या शक राजाच्या चांदीच्या नाण्याचं छायाचित्र छापलं होतं. त्यावर एवढी पत्रं आली की यावेळी मुघल आणि शिवराई दोन्ही बाजूला ठेवून सगळी जागा शकांना देते आहे. एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : शक म्हणजे मध्य आशियातून आलेल्या भटक्या घोडेस्वार टोळ्या, असं आम्ही वर्गात शिकवतो. मग त्यांच्या नाण्यांवर ग्रीक अक्षरं, ग्रीक देव आणि शेजारी आपली लक्ष्मी, हे सगळं एकत्र कसं आलं? मुलांनी विचारलं आणि मला धड सांगता आलं नाही. (एक शिक्षक, कागल)

उत्तर : सर, तुमच्या मुलांनी अगदी नेमकी जागा धरली आहे.

मी कोल्हापुरातल्या गुजरीतल्या सराफाच्या घरातली. त्यामुळे नाणं हातात आलं की ते पाडणाऱ्या राजाच्या आधी मला ते घेणारा माणूस दिसतो. पेढीवर चांदी घेऊन आलेलं गिऱ्हाईक आणि ती तोलून घेणारा सराफ, दोघांनाही नाण्यावर ओळखीची खूण हवी असते. नवीन राजा तलवारीने तख्त घेईल, पण बाजारात त्याचं नाणं चालायचं तर ते लोकांच्या नजरेला परकं वाटून चालत नाही. शकांच्या नाण्यांवरची सगळी सरमिसळ मला या बाजूने उलगडते.

इसवी सनपूर्व पहिल्या शतकात मोअ नावाचा शक राजा तक्षशिलेत आला. ग्रीक अक्षरांत त्याचं नाव मौएस असं येतं आणि तक्षशिलेच्या ताम्रपटात मोग असं. त्याच्या आधी शंभरेक वर्षं त्या भागात ग्रीक राजांची नाणी चालत होती. एका बाजूला ग्रीक लेख आणि दुसऱ्या बाजूला तोच मजकूर प्राकृत भाषेत, खरोष्ठी लिपीत. मोअने ही रचना जशीच्या तशी उचलली. त्याच्या एका तांब्याच्या नाण्यावर तर हत्तीचं मस्तक आणि हर्मीस देवाचा दंड आहे, आणि तो नमुना त्याच्याही पुष्कळ आधीच्या डिमिट्रियस या ग्रीक राजाचा.

त्याच्यानंतरचा मोठा राजा अय, ग्रीकांच्या लेखी अझेस. त्याचं चांदीचं मोठं नाणं साडेनऊ ग्रॅमच्या आसपास भरतं. त्याच्या दोन्ही बाजू मुलांना फळ्यावर काढून दाखवा. पुढच्या बाजूला घोड्यावर बसलेला राजा, हातात भाला किंवा चाबूक. भोवती ग्रीक अक्षरांत ‘राजांचा राजा, महान अझेस याचं’. मागच्या बाजूला झ्यूस किंवा पॅलस अथेना, आणि कडेने खरोष्ठीत ‘महरजस रजरजस महतस अयस’. खरोष्ठी उजवीकडून डावीकडे वाचायची, म्हणजे एकाच नाण्यावर वाचकाची नजर दोन दिशांनी फिरते. ‘राजांचा राजा’ हा किताब इराणकडचा.

आता यात शकांचं स्वतःचं काय? घोडा. बहुतेक ग्रीक राजे नाण्यावर स्वतःचा मुखवटा छापत, नाक-डोळे-केस कोरून काढलेला. शकांनी तो मुखवटा काढला आणि तिथे अख्खा घोडेस्वार आणला. राजा कसा दिसतो यापेक्षा तो घोड्यावर आहे, हे त्या लोकांना महत्त्वाचं होतं. ग्रीक चौकटीत त्यांनी नेमकी आपल्या मानाची जागा बदलली, बाकीचं राहू दिलं. अयाच्या एका तांब्याच्या नाण्यावर राजा गादीवर मांडी घालून बसलेला आहे. ग्रीक राजा असा बसलेला कधी दिसायचा नाही. त्याच नाण्याच्या मागच्या बाजूला हर्मीस उभा आहे. दुसऱ्या एका नाण्यावर वशिंडाचा बैल आणि मागे सिंह.

लक्ष्मी येते ती अझिलिसेस या राजाच्या चांदीच्या नाण्यावर. कमळावर उभी देवी आणि दोन बाजूंना दोन हत्ती तिच्यावर पाणी घालताहेत. हीच गजलक्ष्मी आपल्याकडच्या जुन्या देवळांच्या दारावर, पट्टीच्या मधोमध असते. तुमच्या वर्गातल्या मुलांनी ती येता-जाता पाहिलेली आहे, फक्त लक्ष दिलेलं नाही. दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक अक्षरांच्या कोंदणात ती कोणी बसवली? ज्याचे आजे-पणजे गवताळ रानांतून घोडे हाकत आले, अशा घराण्याने. आणि ती काही कौतुकाची वस्तू म्हणून छापलेली नाही. गांधारातल्या व्यापाऱ्याला, शेतकऱ्याला ती देवी ओळखता येत होती म्हणून छापली.

मुलांना अजून एक गंमत सांगा. अस्पवर्मा नावाचा एक सेनापती होता, इंद्रवर्म्याचा मुलगा. बापलेकांची नावं आपल्या कानाला जवळची. त्याच्या हुद्द्यासाठी मात्र नाण्यावर खरोष्ठीत ‘स्त्रतेग’ असा शब्द आहे. हा ग्रीकांच्या फौजेतला हुद्दा. ग्रीक राज्य बुडून बराच काळ लोटला तरी हुद्दा मागे राहिला होता.

या दुभाषी नाण्यांचा पुढे फार मोठा उपयोग झाला. खरोष्ठी कशी वाचायची हे कोणालाच ठाऊक नव्हतं. १८३०च्या दशकात चार्ल्स मॅसन या इंग्रज प्रवाशाने अफगाणिस्तानातून गोळा केलेली ग्रीक आणि शक नाणी अभ्यासकांसमोर आली. एका बाजूचं ग्रीक नाव वाचता येत होतं, म्हणून दुसऱ्या बाजूचं अक्षर अन् अक्षर जुळवून बघता आलं. जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अभ्यासकाने ते काम पुढे नेलं.

प्रश्न : टाऊन हॉल म्युझियममध्ये पोसायडन या ग्रीक देवाची छोटी मूर्ती आहे. शक राजांच्या नाण्यांवरही पोसायडन असतो असं वाचलं. मग आपल्या ब्रह्मपुरीत शकांचं राज्य होतं का? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, शिवाजी पेठ, कोल्हापूर)

उत्तर : नाही, बाळ. दोन्हीकडे पोसायडन आहे हे खरं, पण वाटा वेगळ्या.

मोअच्या आणि अयाच्या नाण्यांवर पोसायडन आहे. हातात त्रिशूळ आणि एक पाय नदीदेवतेच्या अंगावर रोवलेला. अयाच्या अशा नाण्यांवर मागच्या बाजूला वेलींच्या मधे उभी असलेली देवी आहे. समुद्राचा ग्रीक देव समुद्रापासून शेकडो कोस लांब असलेल्या तक्षशिलेच्या नाण्यावर गेला, तो खुष्कीच्या वाटेने, ग्रीक राजांच्या टांकसाळींतून.

आपला पोसायडन समुद्राने आला. पंचगंगेच्या काठची ब्रह्मपुरीची टेकडी तू पाहिली असशीलच. १९४५-४६ साली तिथे डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केलं आणि सातवाहनकाळापासूनची वस्ती उजेडात आली. रोमन कांस्यवस्तूंचा साठा याच टेकडीवर मिळाला. त्यात आरसा आहे, सुरई आहे आणि हा देव. वीतभरही उंच नाही. उंचावलेल्या हातात एके काळी त्रिशूळ असणार. म्युझियममध्ये गेलीस तर त्याच्यासमोर जरा जास्त वेळ थांब. त्याच्या छातीचे आणि पोटाचे स्नायू ज्या बारकाईने घडवले आहेत ते आपल्याकडच्या ओतकामात नाही. तो भूमध्य समुद्राकडून जहाजातून कोकणपट्टीच्या बंदरात उतरला आणि तिथून घाट चढून पंचगंगेच्या काठी आला.

त्या काळात कोल्हापुरात नाणी पाडणारे राजे ‘कुर’ या नावाने ओळखले जातात. वासिठीपुत विळिवायकुर, माढरीपुत सिवलकुर, गोतमीपुत विळिवायकुर. आईच्या गोत्रावरून नाव लावायची सातवाहनांची रीत इथेही आहे. नाणी शिशाची आणि पोटीनची, म्हणजे तांब्यात शिसं-कथील मिसळलेल्या धातूची. एका बाजूला कमानींवर कमानी रचून केलेला डोंगर आणि त्यावर झाड. दुसऱ्या बाजूला दोरी लावलेलं धनुष्य आणि बाण, भोवती ब्राह्मी अक्षरं. शिशाचं नाणं हातात घेतलंस तर आकाराच्या मानाने जड लागतं आणि त्याचा आवाज होत नाही, टेबलावर टाकलं तर धप्प पडतं. चांदी इथे पाडली गेली नाही. चांदी उत्तरेकडे क्षत्रपांच्या, म्हणजे गुजरात-माळव्याकडच्या शक राजांच्या हातात होती.

आणि त्या क्षत्रपांना आपल्या कुरांची खबर होती की नाही हे मला सांगता यायचं नाही, पण रोमन जगाला होती. दुसऱ्या शतकातल्या टॉलेमीने भूगोल लिहिला, त्यात तीन राजधान्या येतात. उज्जैनला तियास्तेनेस, म्हणजे क्षत्रप चष्टन. पैठणला सिरीपोलेमायोस, म्हणजे पुळुमावी. आणि हिप्पोकुरा या गावी बालेओकुरोस. हा बालेओकुरोस म्हणजे विळिवायकुर, असं बहुतेक अभ्यासक मानतात. इजिप्तमध्ये बसलेल्या माणसाच्या वहीत शक राजा, सातवाहन राजा आणि आपल्या भागातला कुर राजा एकाच पंगतीला आहेत. कोल्हापूरकरांनी हे पाठ करून ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

एक गोष्ट स्वतः पडताळून बघ. कुरांच्या काही नाण्यांवर दोन राजांचे ठसे आहेत. सिवलकुराने पहिल्या विळिवायकुराच्या नाण्यांवर आपला ठसा मारला आणि गोतमीपुत विळिवायकुराने त्या दोघांच्याही. कोण आधी, कोण नंतर, हा क्रम पंडित भगवानलाल इंद्रजींनी ठश्यांवर चढलेल्या ठश्यांवरूनच लावला. यादी नव्हती, वंशावळ नव्हती. ठसे वर-खाली कसे बसले आहेत, तेवढ्यावरून.

प्रश्न : नाशिकला पांडवलेण्यांत गेलो होतो. गाईड म्हणाला, गौतमीपुत्राने शकांचा समूळ नाश केला. तुमच्या लेखात मात्र त्याने शकांची नाणी चालू ठेवली असं होतं. खरं काय? (गडहिंग्लजहून एक वाचक)

उत्तर : दोन्ही खरं आहे, आणि मला या सगळ्या विषयात सर्वांत प्रिय असलेली जागा हीच.

गाईडने सांगितलं ते तिसऱ्या लेण्यातल्या लेखात आहे. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याची आई गौतमी बलश्री हिने तो कोरवून घेतला, नातू पुळुमावीच्या राज्याच्या १९व्या वर्षी. मुलगा गेल्यानंतर आईने लिहून घेतलेला लेख आहे तो. त्यात ती म्हणते, याने शक, यवन, पल्हव यांचं पारिपत्य केलं, खखरात वंश निर्मूळ केला. खखरात म्हणजे नहपानाचं क्षहरात घराणं.

आता नाणी. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभी गावी जमिनीत पुरलेला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. सुमारे १३,२५० नाणी, सगळी नहपानाची. त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला आहे. एका बाजूला कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला चार गोळ्यांचं उज्जैनी चिन्ह.

यातलं एक नाणं तुमच्यासमोर ठेवते. बोटाच्या पेरावर बसेल एवढं, वजन दोन ग्रॅमच्या आगेमागे. मुळात त्यावर नहपानाचा उजवीकडे बघणारा चेहरा आहे, डोक्यावर चपटी टोपी, कडेने ग्रीक अक्षरं. मागे बाण आणि वज्र, आणि नाव ब्राह्मीतही आहे, खरोष्ठीतही आहे. ‘रञो छहरातस नहपानस’ हेच तीन शब्द तीन लिप्यांत. ग्रीक अक्षरं आहेत, पण भाषा ग्रीक नाही. आपलंच प्राकृत ग्रीक अक्षरांत लिहिलेलं. आता त्याच्यावर ठसा बसला. गालाच्या जागी डोंगराच्या कमानी उमटल्या, पण टोपीची कड आणि नाकाचा शेंडा तसाच राहिला. ग्रीक अक्षरांतली तीन-चार वाचता येतात. सातवाहन राजाचं नाव आणि शक राजाचं नाक एकाच चांदीवर.

गौतमीपुत्राला ही चांदी आटवून नवं नाणं पाडता आलं नसतं का? सहज आलं असतं. सराफाच्या घरात वाढल्यामुळे मला एक ठाऊक आहे, चांदी आटवायची म्हणजे घट आली, कोळसा आला, कारागीर आले, वेळ आला. त्याहून मोठी गोष्ट अशी की नाशिकजवळच्या गोवर्धन भागातल्या पेठांत हीच नाणी रोज फिरत होती. त्यांचं वजन, त्यांचा कस लोकांच्या हाताला ठाऊक होता. राजा बदलला म्हणून लोकांनी घरातली चांदी कुठे टाकायची? ठसा मारल्यावर राज्य कोणाचं ते कळलं आणि बाजार थांबला नाही. आईने कातळावर मुलाचा विजय लिहिला, मुलाने चांदीवर शेजारच्या बाजाराचा मान राखला. मी या दोन्हींत विरोध बघत नाही. त्या राजाची समज बघते.

आणि पांडवलेण्यांतच १० नंबरचं लेणं बघून आला नसाल तर पुन्हा जावं लागेल! ते नहपानाच्या जावयाने, उषवदाताने दिलेलं. ऋषभदत्त या नावाचंच ते प्राकृत रूप. सासरा क्षहरात, बायको दक्षमित्रा, बाप दीनीक, आणि एका लेखात हा स्वतःला शक म्हणवतो. हा शक माणूस ब्राह्मणांना तीन लाख गाई दिल्याचं सांगतो, पुष्कर तीर्थावर स्नान करतो आणि लेणं बांधून देतो बौद्ध भिक्षूंना. नुसतं लेणं देऊन थांबत नाही. गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, त्याने ३,००० कार्षापण, म्हणजे त्या काळची चांदीची नाणी, ठेव म्हणून ठेवले. २,००० दरमहा शेकडा एक व्याजाने, १,००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचं नाही, व्याज तेवढं वापरायचं.

मी हा हिशोब करून बघितला आहे. २,००० वर शेकडा एक म्हणजे महिन्याला २० आणि वर्षाला २४०. लेखात लिहिलंय की लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळाभर, राहणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी १२ कार्षापण द्यावेत. वीस बारे दोनशे चाळीस. एका पैचा फरक नाही. दगडात कोरलेला ताळेबंद आहे तो. त्याच लेखात ७०,००० कार्षापणांचे २,००० सुवर्ण होतात असंही येतं, म्हणजे ३५ चांदीच्या नाण्यांना एक सोन्याचं. इतका स्पष्ट भाव त्या काळातला क्वचित मिळतो.

परका, आक्रमक, शत्रू हे सगळे शब्द वापरा, लढाया खरोखर झाल्या होत्या. पण त्याच माणसाची ठेव नाशिकच्या कोष्ट्यांकडे होती आणि तिच्या व्याजावर भिक्षूंची वस्त्रं निघत होती, हे सोडून शकांचा इतिहास सांगू नये.

लढायांनंतर सोयरीकही झाली. चष्टनाचा नातू रुद्रदामा. जुनागढच्या खडकावर त्याचा शके ७२चा, म्हणजे इसवी सन १५०चा, संस्कृत लेख आहे. त्यात तो सांगतो की दक्षिणापथाच्या सातकर्णीला मी दोनदा हरवलं, पण नातं जवळचं म्हणून त्याला संपवलं नाही. कान्हेरीच्या लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक, म्हणजे चष्टनाच्याच, घराण्यातली, एका महाक्षत्रपाची मुलगी असल्याचं येतं. याच वासिष्ठीपुत्राच्या चांदीच्या नाण्यावर, क्षत्रपांच्या धाटणीचा, राजाचा मुखवटा आहे. सुरुवातीच्या सातवाहनांनी नाण्यावर हत्ती काढला, डोंगर काढला, पण स्वतःचा चेहरा काढला नव्हता. एका बाजूला प्राकृत लेख आणि दुसऱ्या बाजूला तमिळच्या जवळच्या भाषेतला. तक्षशिलेत ग्रीक-खरोष्ठीची जी जोडी होती, तिची ही दक्खनची आवृत्ती समजा.

प्रश्न : ग्रीक अक्षरं कोणाला वाचता येत नव्हती तर ती एवढी वर्षं ठेवली कशाला? (इचलकरंजीहून)

उत्तर : वाचण्यासाठी ठेवलीच नव्हती. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने समुद्रमार्गाची माहिती लिहून ठेवली, तिला पेरिप्लस म्हणतात. त्यात भडोचच्या बाजाराबद्दल एक ओळ आहे : मिनँडर आणि अपोलोडोटस यांची ग्रीक अक्षरांची जुनी द्रम्म नाणी इथे अजून चालतात. हे राजे तेव्हा जाऊन शंभराहून अधिक वर्षं झाली होती. म्हणजे चांदीचं छोटं नाणं म्हटलं की त्यावर एक चेहरा आणि भोवती त्या वळणाची अक्षरं हवीत, एवढं भडोचच्या सराफाच्या नजरेत बसलं होतं. क्षत्रपांनी ती सवय मोडली नाही. नहपानाच्या नाण्यावर ती अक्षरं अर्थासकट आहेत. पुढे पुढे नुसत्या रेघा आणि गोल उरतात. खरोष्ठी मात्र चष्टनानंतर गेली, कारण गुजरात-माळव्यात ती बाजाराच्या डोळ्यांत नव्हतीच.

हाच चेहरा गुप्तांनीही ठेवला. दुसऱ्या चंद्रगुप्ताने क्षत्रपांचं राज्य घेतलं, तेव्हा चांदीच्या नाण्यावर पुढची बाजू तीच राहिली. मागच्या बाजूला नंतरच्या क्षत्रपांनी आणलेला डोंगर काढून त्याने गरुड बसवला.

प्रश्न : गुढीपाडव्याला आपण शालिवाहन शक म्हणतो. मग तो शकांचा की शालिवाहनाचा? आमच्या घरात यावरून वाद झाला. (सौ., राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : ताई, वाद नाण्यावर सोडवा. क्षत्रपांनी साधारण शके १०० नंतर नाण्यांवर वर्ष घालायला सुरुवात केली, राजाच्या डोक्यामागे, बारीक ब्राह्मी आकड्यांत. तेव्हा शून्य वापरात नव्हतं. १५७ लिहायचं तर शंभराची एक खूण, पन्नासाची दुसरी, सातची तिसरी. ठसा जरा सरकला की नेमकं वर्षच नाण्याबाहेर जातं आणि आमच्यासारख्यांचा जीव हळहळतो. पण जिथे वर्ष नीट बसलंय, तिथे बापाचं नाव, मुलाचं नाव आणि साल एकाच नाण्यावर मिळतं. दोनशेहून अधिक वर्षं ही पद्धत चालली. जुन्या भारतात दुसऱ्या कुठल्या घराण्याचा क्रम इतका पक्का लागत नाही.

ती गणना इसवी सन ७८ पासूनची, म्हणजे तुमच्या पंचांगातलीच. ती कनिष्काने सुरू केली की चष्टनाने, यावर दोन मतं आहेत. ती टिकवली आणि सर्वदूर नेली क्षत्रपांनी, यावर दुमत नाही. शालिवाहनाचं नाव तिला बऱ्याच शतकांनी चिकटलं. आपल्याकडच्या शिलाहारांच्या लेखांतही शकवर्षच आहे. तेव्हा घरात दोघांनाही अर्धे अर्धे गुण द्या.

प्रश्न : आजोबांच्या पेटीत एक काळं पडलेलं छोटं चांदीचं नाणं निघालं, त्यावर चेहरा आहे. तसंच एक ‘अझेसचं नाणं’ जत्रेत विकायला होतं, ते घेऊ का? आणि घरातलं स्वच्छ कसं करू? (राधानगरीहून)

उत्तर : आधी शेवटचं. स्वच्छ करू नका. चिंच-मीठ, राख, लिंबू, दंतमंजन यातलं काही लावू नका. काळा थर चांदीचं रक्षण करतो आणि डोक्यामागचा आकडा त्या थराच्या आधाराने दिसतो. घासलेलं नाणं चमकतं आणि मुकं होतं. आमच्या पेढीवर जुनी चांदी मोडीत यायची तेव्हा वडील चेहरा किंवा अक्षरं दिसलेला तुकडा बाजूला काढून ठेवायचे आणि गिऱ्हाइकाला विचारायचे, हे मोडायचंच का? काही जण परत घेऊन जायचे. मला नाण्यांचा नाद तिथेच लागला.

जत्रेतलं घेऊ नका. अयाच्या नाण्यांच्या नकला पुष्कळ फिरतात, बहुतेक साच्यात ओतलेल्या. भिंग घेऊन कड बघा. ओतीव नाण्याच्या कडेला जोडाची रेघ असते किंवा ती घासून टाकल्याची खूण असते, पृष्ठावर बारीक भोकं असतात आणि अक्षरं वितळल्यासारखी बोथट. ठोकून पाडलेल्या नाण्याची कड जागोजागी फाटलेली असते, अक्षराची भिंत उभी असते. दुसरं कारण कायद्याचं. १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू आहे. तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. शेतात किंवा पाया खणताना काही सापडलं तर १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. लोक याला घाबरतात आणि साठा गुपचूप वाटून घेतात किंवा आटवतात. जोगळटेंभीचा साठा एकत्र राहिला नसता, तर किती नाण्यांवर ठसा आहे आणि किती कोरी, हे कोणाला कधी कळलंच नसतं.

खरी नाणी बघायची हौस असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथलं संग्रहालय बघा. मुंबईला गेलात तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं नाण्यांचं दालन.

तुमच्या आजोबांच्या नाण्याबद्दल नुसत्या वर्णनावरून मी काही बोलणार नाही. चेहरा असलेली छोटी चांदीची नाणी क्षत्रपांचीही आहेत, गुप्तांचीही आहेत आणि इंग्रजांच्या दोन आण्यांचीही. सोनाराच्या काट्यावर वजन करून घ्या. दोन ग्रॅमच्या जवळ आलं तर दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो, सकाळच्या तिरप्या उन्हात, फ्लॅश न लावता काढून मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. सोबत आजोबा कोणत्या गावचे आणि कशाचा व्यापार करत होते, किंवा ते नाणं घरात कुठून आलं याबद्दल घरातली मोठी माणसं काय सांगतात, ते लिहा. फोटोपेक्षा मला त्याचा जास्त उपयोग होईल.